भोकाचं माप

बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपुरात वाढलेल्या माणसाला खिडकी म्हणजे वारा. उन्हाळ्याच्या दुपारी गजांना टेकून बसायची जागा, समोरच्या ओट्यावर कोण येऊन टेकलं ते घराबाहेर न पडता बघायची सोय, भाजीवालीला थांबवायची हाक. शिडाच्या बोटीची खिडकी यातलं काहीच नसते. केबिनच्या अंगाला ज्या लांबट खिडक्या दिसतात त्या बहुतेक उघडतच नाहीत. उजेड आत घ्यायचा आणि बाकीचं जग बाहेर ठेवायचं, एवढ्याच कामावर त्यांची नेमणूक असते. बाहेर ठेवायच्या त्या जगात लाट असते, तिच्या धडकेनं काच निसटली तर बोट भरायला तेवढं भोक पुरतं. तेव्हा जमिनीवरच्या घरात खिडकी ही हौस असेल, बोटीत ती जोखीम आहे आणि उजेडाच्या लोभापायी माणसानं ती पत्करलेली आहे.

हे शहाणपण मला माझ्या धाकट्या चुलतभावामुळे आलं. तो नोकरीसाठी गोव्यात गेला आणि तिथलाच झाला. लहानपणी तापीच्या पुलावरून जाताना काकू ज्याचा दंड घट्ट धरून ठेवायच्या, त्यानं तिकडे दोन मित्रांच्या भागीत चक्क शिडाची बोट घेतली. नवी नव्हे, युरोपात कधीतरी बांधलेली फायबरची बोट, कुणा परदेशी माणसानं इथवर आणून विकलेली, आणि मग हातोहात फिरलेली. घेतली तेव्हाच तिच्या चार खिडक्यांपैकी डाव्या अंगाची मागची खिडकी नव्हती. काच नाही, चौकट नाही. भोकावर प्लायचा तुकडा आणि भोवती सिलिकॉन थापलेलं. उजेड नाही आणि पाणीही पुरतं अडत नाही, असा दोन्हीकडचा तोटा.

चौथीचं काय झालं असेल ते उरलेल्या तिघींकडे पाहून कळत होतं. चौकटी अॅल्युमिनियमच्या, त्यांना धरणारे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि त्यांच्यामध्ये खारं पाणी, म्हणजे बारीकशी विजेची बॅटरीच झाली. तिच्यात झिजायचं काम अॅल्युमिनियमच्या वाट्याला येतं. प्रत्येक स्क्रूभोवती पांढऱ्या भुकटीचं गोल कडं होतं, आणि बोटानं खरवडलं की त्याखाली धातूऐवजी खळगा लागायचा. वर्षानुवर्षं हे चालत राहिलं की एखाद्या पावसाळ्यात चौकट धरायला स्क्रूला काही उरतच नाही.

नवी चौकट विकत मिळण्याचा प्रश्न नव्हता. बोट बांधणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, आणि तिच्याबरोबर त्या चौकटीचा साचाही गेलेला. गावोगावी अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणारे आहेत, पण त्यांचं सगळं काम सरळ पट्टीचं आणि काटकोनाचं. बोटीच्या खिडकीला कोपरा चालत नाही. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो आणि चीर तिथूनच सुरू होते, म्हणून कोपरे गोलच लागतात. शेवटी भावाचा फोन आला. “दादा, आपल्या जुन्या घराच्या चौकटी आहेत ना अजून?”

होत्या. वाटण्या झाल्या, जुनं घर उतरवलं, त्या जागी स्लॅबची दोन घरं उभी राहिली. पण सागाच्या चौकटी भंगारवाल्याला द्यायला कुणाचा हात धजला नाही. त्या मळ्यातल्या शेडमध्ये केळीच्या ठिबकच्या नळ्यांखाली पडून होत्या. गावात असा साग ज्यांच्याकडे आहे त्यांच्या दारात हल्ली जुन्या लाकडाचे व्यापारी चकरा मारतात. हा माल मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना लागतो म्हणे, खाणाऱ्याला खेड्यात बसल्यासारखं वाटावं म्हणून.

काही दिवसांनी गोव्याहून एक चपटं पार्सल आलं. मला वाटलं होतं की आत कागदावर लांबी, रुंदी, जाडी असे आकडे असतील. निघाला जाड पुठ्ठ्याचा एक फर्मा. भोकाच्या आतून पेन्सिल फिरवून काढलेला, कडा ब्लेडनं कापलेल्या, आणि वर तीनच शब्द: ‘वर’, ‘पुढे’, ‘बाहेरून’. सोबत अॅल्युमिनियमची एक लवचीक पट्टी, केबिनच्या अंगावर दाबून तिच्या वळणाला वाकवलेली. फोन करून मी माप विचारलं. तो म्हणाला, “आकडे धरू नकोस दादा. मिस्त्रीला सांग, भोक म्हणेल तसं.”

फर्मा उलटा करून उजव्या अंगाच्या खिडकीला लावून बघितलास का, असंही मी विचारलं. एका बोटीच्या समोरासमोरच्या खिडक्या, एकीवरून दुसरी काढता आली पाहिजे. बघितला होता. बसत नव्हता. साच्यातून निघालेल्या बोटीतही खिडक्यांची भोकं त्या काळी कुणीतरी हातानं करवत धरून पाडलेली, आणि दोन भोकं सख्खी असली तरी जुळी नसतात. शिवाय डोलकाठीला ताठ ठेवणाऱ्या तारा वर्षानुवर्षं बोटीच्या दोन्ही अंगांना ओढत असतात. बोट त्या ओढीला थोडी शरण जाते, कुठे फुगते, कुठे बसते. कारखान्यातला मूळ नकाशा हाती आला असता तरी तो या बोटीचा राहिलेला नव्हता.

मला यात गंमत वाटली ती अशी, की आपल्याकडे गोष्ट नेमकी उलट चालते. घर बांधताना चौकट आधी उभी राहते. मुहूर्त बघतात, हळदीकुंकू लावतात, आंब्याचा टाळा बांधतात, उंबऱ्याखाली नाणं टाकतात. भिंत अजून गुडघ्याएवढीही नसते आणि मोकळ्या जागेत चौकट एकटी टेकू देऊन उभी असते. आतही आकाश आणि बाहेरही आकाश. मग विटा तिच्या कलानं चढत जातात. भिंतीनं चौकटीचं ऐकायचं, असा तो रिवाज. आता स्लॅबच्या घरांत भोक आधी सोडतात हे खरं, पण ते भोकही दुकानात तयार मिळणाऱ्या खिडकीच्या मापाचं असतं. म्हणजे भिंत अजूनही चौकटीचंच ऐकते, फक्त ती चौकट आता दुकानात बसलेली असते. जुन्या बोटीत मात्र भोक हा मालक. त्याला आकडा माहीत नाही, काटकोन माहीत नाही. चौकटीनं येऊन त्याची मर्जी राखायची.

आमच्या मिस्त्रींना हे समजावून सांगावं लागेल अशी माझी तयारी होती. त्यांनी फर्मा उजेडाकडे धरला, पट्टी डोळ्याला लावून तिचं वळण पाहिलं आणि विचारलं, “बोट पाण्यातली ना? मंग हे वळण पाठीकून राहील. पुढचं तोंड सपाट ठेवू का तेबी वाकवू?” काच, म्हणजे खरं तर अॅक्रिलिक, चौकटीच्या मागे सँडविचसारखी दबणार, वळण केबिनच्या अंगाला जुळवायचं, असं मी सांगितलं. “होईल का, मिस्त्री?” “काबरं नाही होणार भाऊ? बैलगाडीच्या चाकाला तर चारी बाजूनं वळणच राहतं.”

चौकटीच्या ज्या उभ्या तुकड्यातून काम काढायचं ठरलं तो वरून काळाभोर होता. धूर, तेलाचे हात, चुन्याचे जुने थर. मिस्त्रींनी आधी खिळे उपसले. लाकडात दोन-तीन पिढ्या राहिलेले चौकोनी, घडीव खिळे, पण सरळ करून पुन्हा ठोकता आले असते इतके धड. सागाच्या अंगात तेल असतं, ते लोखंडालाही जपतं. ओकसारख्या लाकडातलं आम्ल खिळे खातं, साग तसं करत नाही. जहाजं बांधणाऱ्यांना सागाचं जे वेड होतं त्यात हाही एक हिशेब होता. मग रंध्याचे पहिले दोन-चार हात काळेच गेले, आणि एकदम आतून मधाळ पिवळं लाकूड वर आलं. वास इतका ताजा की शेडमधलं कुत्रं उठून जवळ आलं. मिस्त्री मधूनमधून थांबून पटाशी दगडावर फिरवत होते. सागाच्या पेशींत वाळूचा अंश असतो, हत्याराची धार तो सावकाश खात जातो. मिस्त्रींच्या भाषेत, “साग गोड, पण पटाशी खातो.”

खरी परीक्षा गोल कोपऱ्यांची होती. सरळ फळीतून गोल वळण कापलं तर त्या वळणावर रेषा आडव्या येतात, आणि आडव्या रेषेचं लाकूड चिमटीत धरून मोडता येतं. मिस्त्रींनी खिळ्याच्या टोकानं फळीवर रेघ मारून दाखवली: इथून काढलं तर तुटेल, इथून तिरकं काढलं तर नाही. कोपऱ्याचे चार तुकडे त्यांनी रेषा वळणाच्या कर्णावर येतील असे तिरके काढले, मधले सरळ दांडे वेगळे, आणि सांधे वळणापासून लांब, सरळ भागात नेले. प्रत्येक सांध्यात अर्धं लाकूड याचं, अर्धं त्याचं. चिकटवण्यावरून मात्र थोडी कुरबुर झाली. त्यांचा भरवसा फेव्हिकॉलवर, भावाचा हुकूम इपॉक्सीचा. शिवाय जे तेल सागाला तारतं तेच चिकटू देत नाही, म्हणून सांधे आधी अॅसिटोननं पुसून घ्यायचे आणि तेल पुन्हा वर येण्याआधी चिकटवायचे. नेलपॉलिश काढतात तो हाच द्रव, हे कळल्यावर मिस्त्री बराच वेळ हसत होते.

केळी, कापूस आणि अमरावती नदी एवढ्या भांडवलावर जगणाऱ्या आमच्या गावाला समुद्राशी देणंघेणं नाही, असं मी मानत आलो होतो. पण तापी बघा. मुलताईला निघते, बुऱ्हाणपूरच्या किल्ल्याखालून जाते, आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून सुरतेपाशी खंबातच्या आखाताला मिळते. नदीतून जहाजं इथवर येत नव्हती. पण सुरतेहून आत जाणारा रस्ता बुऱ्हाणपुरावरून होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेला उतरला आणि नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझच्या दरबारात उभा होता. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये या वाटेनं गेला. त्यानं लिहून ठेवलंय की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं. म्हणजे शाहपुरापासून हाकेच्या अंतरावर विणलेलं कापड शिडाच्या जहाजांत बसून समुद्र बघून आलं, विणणाऱ्यानं तो कधी पाहिला नसेल तरी.

आणि तापीच्या मुखाशी नुसता व्यापार नव्हता, सुतारही होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहूनच मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली. तो साग बहुतांशी मलबारचा, सातपुड्याचा नव्हे. उगाच मोठेपणा घेत नाही. त्या गोदीतली एक गोष्ट मला या पुठ्ठ्याच्या फर्म्यामुळे पुन्हा आठवली. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ब्रिटिशांचं ‘जावा’ हे जहाज हरवलं. ‘जावा’वर मुंबईला निघालेले जहाजांचे नकाशे होते, ते गेले. त्यांवरून मुंबईत ‘वेलस्ली’ बांधायचं होतं. मग ते त्याच गोदीतल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या घडणीवर बांधलं आणि १८१५ मध्ये पाण्यात सोडलं. कागद गेलेले, आणि काम समोर उभ्या असलेल्या वस्तूवरून. वाडियांच्याच हातचं १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलच्या धक्क्याला अजून तरंगतं आहे.

हा हातगुण मोठ्या जहाजांबरोबर संपला नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटी बोट साठच्या दशकात मुंबईतच सागात बांधली गेली. १४ जून १९६८ ला ते इंग्लंडहून निघाले आणि कुठेही न थांबता, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परतले. असं करणारे ते पहिले. दक्षिण महासागरात एका लाटेनं ‘सुहेली’ला आडवं पाडलं तेव्हा अख्खी केबिन आपल्या जागेवरून सरकली, सांध्याला फट पडून पाणी आत येऊ लागलं. बोट तरंगत ठेवणारं अंग बुडाशी असतं, पण समुद्र घाव घालतो तो वरच्या, उजेडासाठी उभारलेल्या भागावर.

त्यांच्याच हाताखाली दिलीप दोंदे शिकले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दोंद्यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा केली, भारतीयांत पहिली. या साऱ्याचं स्वप्न आधी पाहिलं ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. १९२७ चा त्यांचा जन्म सुरतेचा, पुन्हा आमच्या तापीच्या तोंडाशीच! निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला, समुद्रापासून चांगले लांब, शेतमळ्यात राहिले. समुद्राचा ध्यास लागायला समुद्र खिडकीतून दिसावाच लागतो असं नाही.

भावाची बोट या पंगतीतली नव्हे. मांडवीच्या मुखातून बाहेर पडायचं, फार तर वेंगुर्ल्या-मालवणापर्यंत जाऊन यायचं. पण पाणी काही बोटीची पत विचारून आत शिरत नाही.

पावसाळा सरल्यावर मी भुसावळहून गोवा एक्सप्रेसनं निघालो. चौकट गोधडीत गुंडाळून वरच्या बर्थवर. डब्यातल्या एका आजींनी देवाची तसबीर समजून तिला नमस्कार केला, आणि मीही त्यांना काही सांगितलं नाही.

बोट जमिनीवर ठोकळ्यांवर उभी होती. भावानं तोवर भोकाची कड साफ केली होती. फायबरचे दोन पातळ थर आणि मधे बाल्सा लाकूड अशी ती भिंत. वरून टणक, पण वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्यानं मधलं लाकूड कुजून काळं पडलेलं. त्यानं खिळा वाकवून ड्रिलला लावला आणि कडेकडेनं तो फिरवून कुजका भाग बोटभर खोलपर्यंत उकरून काढला. मग वाळवून तिथं घट्ट इपॉक्सी भरलं. नव्या चौकटीचे स्क्रू आता या भरावातून जाणार, म्हणजे उद्या एखाद्या स्क्रूजवळून थेंब शिरला तरी त्याला खायला लाकूड मिळणार नाही.

कोरडी चौकट लावून पाहिली. शाहपुरात पुठ्ठ्यावर कापलेलं लाकूड गोव्यातल्या भोकात जाऊन बसलं, फक्त पुढच्या वरच्या कोपऱ्यात कागदाच्या जाडीएवढं अडलं. तिथं भावानं कानस चार वेळा फिरवली. पाठीचं वळण इतकं बेमालूम होतं की त्यानं खिशातून फोन काढला आणि मिस्त्रींना व्हिडिओ दाखवला. मिस्त्रींनी नीट पाहिलं आणि विचारलं, “वरून पाणी पडल्यावर खाली उतार कुठं?” खालच्या दांड्याला बाहेरच्या बाजूनं उतार काढलेला आहे हे दाखवल्यावरच त्यांचं समाधान झालं. घरातल्या खिडकीला ते न सांगता तो देतात.

मग अॅक्रिलिक. हे काचेपेक्षा चिवट, पण ऊन लागलं की अंग ताणतं. ६० सेंटिमीटरचा तुकडा ४० अंशांनी तापला की दीड-पावणेदोन मिलिमीटर वाढतो. त्याला चौकटीत घट्ट बसवलं तर वाढायला जागा उरत नाही आणि स्क्रूच्या भोकापासून तडे जातात. म्हणून कडेनं सगळीकडे मोकळी फट, आणि भोकं स्क्रूहून ढळढळीत मोठी. पाणी अडवायचं काम ब्यूटिल रबराच्या काळ्या, चिकट पट्टीचं. ती कधी पुरती वाळत नाही, म्हणून बोट हलली, लाकूड फुगलं, अॅक्रिलिक वाढलं तरी ती सगळ्यांबरोबर थोडी थोडी सरकते. शाहपुरी स्वभावाप्रमाणे मी पाना हातात घेऊन शेवटपर्यंत पिळायला निघालो होतो; भावानं मनगट धरलं. पुरणपोळी जास्त दाबून लाटली की पुरण कडेनं बाहेर येतं आणि मधे नुसती पारी उरते, तशी ही पट्टी. आज थोडं, उद्या थोडं, दर वेळी कडेनं जेवढं बाहेर येईल तेवढंच, आणि मधे थर राहील एवढ्यावर थांबायचं. घट्ट म्हणजे मजबूत, हे आमचं गावाकडचं गणित इथं चालत नाही. मला ते अजूनही मनापासून पटलेलं नाही, पण चौकट त्याच्या हिशेबानं बसली हे खरं.

शेवटी रबरी पाइपनं पाणी मारून पाहिलं. मी आत, भाऊ बाहेर. नव्या खिडकीतून मांडवीवरचा उजेड केबिनच्या फळीवर पडला होता, आणि सागाची आतली कड त्यात पिवळी दिसत होती. पाण्याचा फवारा चौकटीवर चारी बाजूंनी, खालून, कोपऱ्यांत, मुद्दाम जोर लावून मारला. काही नाही. मी ओरडून तसं सांगितलं, आणि त्याच वेळी माझ्या मानेवर थेंब पडला. नव्या खिडकीचा नव्हे. शेजारच्या, तिच्या आधीपासून असलेल्या अॅल्युमिनियमच्या चौकटीतून.

आता उरलेल्या तिन्ही खिडक्या सागाच्या करायच्या असं भावानं ठरवलं आहे. फर्मे आले आहेत, तीन वेगवेगळे, आणि मिस्त्रींनी ते खुंटीला टांगून ठेवले आहेत. शेडमध्ये चौकटीचं जे लाकूड उरलं आहे त्यात ओढूनताणून दोन निघतील, तिसरीला कुठून आणायचं ते बघावं लागेल. शिवाय काकूंचं म्हणणं वेगळंच आहे. त्या लाकडातून नव्या घराला देवघर करायचं त्यांनी जुनं घर उतरवल्यापासून मनाशी धरलेलं आहे, आणि पोरगा बोट चालवतो म्हणून देवांनी प्लायवर बसायचं का, असं त्या मला रोज विचारतात. भावाला फोन करून हे सांगितलं, तर तो म्हणाला, “आईला विचार, देवघराला खिडकी लागणार आहे का.”